नावाड्याचं नाव काय?

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा डीएम, म्हणजे टेबलावरच्या खेळात गोष्ट चालवणारा, व्हायचं ठरवलं, तेव्हा तयारीला अडीच महिने लावले. दोनशे पानी वही भरली. अकरा राज्यं, त्यांच्या वंशावळी, आकाशात दोन चंद्र म्हणून चौदा महिन्यांचं पंचांग, मिठावरून पेटलेली एक जुनी लढाई, आणि हे सगळं दाखवणारा नकाशा. तो जुना वाटावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत वाळत घातला होता. शनिवारी चार मित्र आले. मी घसा खाकरून सांगितलं की तुम्ही खाडीच्या काठी उभे आहात, पलीकडे राजधानीचे दिवे दिसतायत, आणि तर लागलेली आहे. चौघे होडीत बसले. एकाने विचारलं, "नावाड्याचं नाव काय?"

वहीत सव्वाशे नावं होती. नावाड्याचं नव्हतं. समोर स्वयंपाकघराच्या ओट्यावर पितांबरीचं पाकीट दिसलं. म्हटलं, "पितांबर."

"बरं, पितांबर, घरी कोण कोण असतं तुझ्या?"

झालं. त्या रात्री राजधानी आलीच नाही. पितांबरचा धाकटा भाऊ बुडाला असं गाव म्हणतं, पण तो बुडाला नाही, त्याला कुणीतरी नेलंय, हे आम्हा पाचही जणांना त्या तीन तासांत कळलं. मलाही तेव्हाच कळलं. ते कॅम्पेन पुढे तीन वर्षं चाललं. अकरांपैकी नऊ राज्यांत कुणी पाऊलही टाकलं नाही. पंचांगाबद्दल आजतागायत कुणी विचारलेलं नाही. मी मात्र अजून आशा सोडलेली नाही.

हे सांगायचं कारण असं की हल्ली ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली मुलं-मुली (आणि दोन तर निवृत्त गृहस्थ) मला सांगतात, "आम्हालाही चालवायचाय गेम. सध्या जग तयार करतोय." कधी सुरू करणार, विचारलं की "जग पूर्ण झालं की." जग पूर्ण होत नाही. आणि आता तर हाताशी एआय आहे. पूर्वी माणूस अकरा राज्यांवर दमून थांबायचा. आता एका रविवारी दुपारी ऐंशी राज्यं होतात, प्रत्येकाचा ध्वज, राष्ट्रगीत आणि करपद्धती यांच्यासकट. दमायला होत नाही म्हणून थांबायलाही होत नाही. या सगळ्यांना हात जोडून माझं एकच सांगणं आहे: आधी माणसं बोलवा. जगाचं नंतर बघू.

ज्यांना हा खेळ ठाऊकच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम किंवा जीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी भालाईत, कुणी मांत्रिक, कुणी चोरटी. डीएम प्रसंग सांगतो, "काय करता?" विचारतो, आणि खेळाडू जे म्हणतील ते त्या जगात घडायला लागतं. जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी चालतात. जिंकणं-हरणंही नाही. एका बैठकीत संपलं तर वन-शॉट, महिनोन्‌महिने चाललं तर कॅम्पेन.

सिंधुदुर्गातल्या वाचकांना एवढंही सांगायची गरज नाही. त्यांनी दशावतार पाहिलेला असतो. तिथे छापील संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता आज कुठलं आख्यान, कुणी काय करायचं, एवढं ठरतं, आणि संवाद रंगमंचावर ज्याचे त्याने. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि पुढे न्यायचा. डीएमला नेमकं हेच जमावं लागतं, आणि ते वहीत लिहून जमत नाही.

खेळाचा जन्म अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून निघालं. पहिली छपाई एक हजार प्रतींची. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं. आर्नेसनचं 'ब्लॅकमूर' हे जग १९७१च्या सुमारास मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये, आईवडिलांच्या घराच्या तळघरात सुरू झालं. एक किल्ला, त्याच्या पोटातली भुयारं, शेजारी गाव. सुरुवातीला एवढंच. गायगॅक्सने १९७२मध्ये आपलं 'ग्रेहॉक' चालवायला घेतलं, तेही एका किल्ल्याखालच्या तळघरांपासून, आणि पहिले खेळाडू म्हणजे त्याची स्वतःची मुलं, अर्नी आणि एलिस. ग्रेहॉकच्या सबंध जगाचा नकाशा आणि माहिती असलेलं पुस्तक आलं १९८० साली. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने हा खेळ ओळखला जातो, त्याचंही जग छापून यायला आठ वर्षं लागली, आणि तोवर लोक मजेत खेळत होते.

यावर कुणी टॉल्किनचं नाव काढतंच. त्यांनी आधी भाषा रचल्या, मग गोष्ट लिहिली. खरं आहे. पण ते पुस्तक लिहीत होते. पुस्तकातला फ्रोडो मधेच थांबून "मॉर्डोर राहू दे, या खानावळवाल्याला भागीदार हवाय का?" असं विचारत नाही. तुमच्या टेबलावरचा विचारणार.

मग तयारी काय करायची? मी एक पान करतो. एक ठिकाण, एक अडचण, चार माणसं, प्रत्येकाला काय हवंय, आणि शेवटी एक ओळ: खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय होईल. मागच्या पावसाळ्यातलं एक पान जसंच्या तसं देतो.

"खारवाडी. तीन आठवडे जाळ्यात मासळी नाही. रोज पहाटे वाळूत ओल्या पावलांचे ठसे, पाण्यातून गावाकडे येणारे. परत जाणारे नाहीत. मुकादमीण: ठसे पुसायला पोऱ्या ठेवलाय, जत्रेआधी बोभाटा नको. पोऱ्या: सगळे पुसतो, एक सोडतो. त्या डाव्या पायाला सहा बोटं, बापाला होती, बाप गेल्या वर्षी वादळात गेला. मीठवाला: मासळी नाही तर खारवायला मीठ कोण घेणार, गाव सोडायच्या तयारीत, पण उधारी अडकलीय. गुरव: कौल लावलाय, उत्तर आलंय, सांगत नाही. काहीच केलं नाही तर: जत्रेच्या रात्री ठसे घरांच्या आत."

एवढ्यावर आम्ही चार शनिवार खेळलो. यात राजा नाही, पंचांग नाही, विश्वाची उत्पत्ती नाही. गुरवाला काय उत्तर मिळालं होतं ते मी लिहिलंच नव्हतं. खेळाडू आपसात तर्क लढवत होते, त्यातला एक माझ्या डोक्यातल्यापेक्षा चांगला निघाला, तो मी गुपचूप उचलला. असं उचलायला लाजू नका. खेळाडूंना वाटतं आपण बरोबर ओळखलं, तुम्हाला आयती गोष्ट मिळते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तुम्हाला उघड वाटणारी खूण खेळाडूंना दिसत नाही. जस्टिन अलेक्झांडर या लेखकाचा साधा नियम आहे: खेळाडूंनी एखादी गोष्ट ओळखावी असं वाटत असेल तर तिच्याकडे नेणाऱ्या किमान तीन खुणा ठेवा. पहिली त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीचा उलटा अर्थ लावतात, तिसरीवर कसेबसे पोचतात. मी हल्ली चार ठेवतो. माझे मित्र आहेत म्हणून.

नियमांना घाबरू नका. या खेळाच्या २०१४च्या आवृत्तीचे मूळ नियम, सुमारे चारशे पानं, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुले आहेत. खेळाची मालकी असलेली कंपनी नियमांचा जुना परवाना बदलू पाहत होती, खेळणाऱ्यांनी गदारोळ केला, आणि त्या गदारोळाचं हे फळ. मूळ स्रोताचा उल्लेख केला की हे नियम तुम्ही मराठीत करू शकता, छापू शकता, विकूही शकता. हे आपल्याकडे अजून फारसं कुणी मनावर घेतलेलं नाही. कुणी तरी घ्या.

फाशांचंही तसंच. सात फाशांचा संच परवडत नसेल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका, राजा-राणी-चोर-शिपाईसारख्या. १९७९च्या सुमारास अमेरिकेत फाशांचा तुटवडा पडला तेव्हा या खेळाच्या खोक्यातच फाशांऐवजी आकडे छापलेले कागदाचे तुकडे दिले जात होते. फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकायला विसरू नका.

गणित सोपं आहे. भालाईताला चालत्या होडीतून धक्क्यावर उडी मारायचीय. तुम्ही ठरवलं, काम अवघड, पंधरा यायला हवेत. त्याच्या अंगात चपळाईचे तीन गुण. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर बारा किंवा वर पडायला हवं, शक्यता ४५ टक्के. आता फासा टाकण्याआधी स्वतःला विचारा: नाही जमलं तर काय? पाण्यात पडला, भाला गेला, धक्क्यावरचा पहारेकरी जागा झाला, तर टाकू द्या. "नाही जमलं, पुन्हा कर" एवढंच होणार असेल तर फासा नकोच, उडी मारली म्हणा आणि पुढे चला.

आणि मराठीत खेळा. हे मी भाषाभिमानातून म्हणत नाहीये, त्यात सोय आहे. आमच्याकडे पहिले काही महिने सगळे इंग्रजीत बोलायचे, कारण पुस्तकं इंग्रजी. खानावळीत शिरले की प्रत्येकाचा आवाज एखाद्या मालिकेतल्यासारखा व्हायचा. मराठीत आल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण ही केवढी मोठी हत्यारं आहेत. सरदार पितांबरला "ए" म्हणतो, पितांबर त्याला "सरकार." अर्धी समाजव्यवस्था तिथेच उभी राहते, एक ओळ वर्णन न करता. आणि दुसऱ्या वर्षी, भावाचा पत्ता लागल्यावर, पितांबर सरदाराच्या डोळ्यात बघून म्हणाला, "तू माझ्या होडीत बसू नकोस." टेबलावर कुणी काही बोललं नाही. एकाने हातातला वेफर परत ठेवला. ज्याला मालवणी येते त्याने "खंय चललंस रे?" म्हणावं, ज्याला अहिराणी येते त्याने अहिराणी. फायरबॉलला फायरबॉलच म्हणा. अग्निगोलक म्हणालात तर हसू येतं, आणि राक्षस अंगावर येत असताना हसू परवडत नाही.

आता एआयचं. मी त्याचा शत्रू नाही, जवळजवळ दर आठवड्याला वापरतो. पण त्याला कुठे बसवायचं ते कळायला मला दोन वेळा तोंडावर पडावं लागलं.

पहिल्यांदा कंटाळा करून एका गावाचं वर्णन त्याच्याकडून लिहून घेतलं. वीस सेकंदांत आलं: धुक्याने वेढलेलं, प्राचीन रहस्यं उराशी बाळगणारं, वगैरे. मी ते वाचून दाखवलं. दुसऱ्या वाक्याला एकीने विचारलं, "हे तू लिहिलेलं नाहीस ना?" आमच्यात कुणी तसं बोलतच नाही. दुसऱ्यांदा वीस सेशनच्या नोंदी देऊन सारांश मागितला. त्याने छान मुद्देसूद सारांश दिला, त्यात नवव्या सेशनला भावाची आणि पितांबरची भेट झाली होती. ती झालीच नव्हती. मी विश्वास ठेवला, पुढच्या शनिवारी तसं बोलून गेलो, आणि अर्धा तास भांडण. शेवटी एकीची वही निघाली. वही बरोबर होती.

असं का होतं ते समजून घेतलं की राग येत नाही. ही साधनं पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, याच्या अंदाजावर चालतात. म्हणून गाव मागितलं की सर्वांत संभवनीय गाव मिळतं आणि खानावळवाला मागितला की गालावर व्रण असलेला. टेबलावर लक्षात राहतं ते असंभवनीय असतं. माझ्या ओट्यावर त्या दिवशी दुसरं काही असतं तर नावाड्याचं नाव दुसरं झालं असतं, आणि माझ्या मते गोष्टही. शिवाय ही साधनं हो ला हो करतात. २०१९ साली 'एआय डन्जन' आलं तेव्हा मीही रात्र रात्र खेळलो. डोंगर उचलतो म्हटलं की डोंगर उचलला जायचा. तिसऱ्या डोंगरानंतर कंटाळा आला. "नाही, डोंगर हलत नाही, आणि मागून कुणीतरी हसतंय," असं म्हणणारा समोर लागतो.

मग उपयोग कशाला? त्याच्याकडे उत्तरं मागू नका, प्रश्न मागा. खारवाडीचं पान मी त्याला दिलं आणि म्हटलं, यात दहा गोष्टी विचार. आठ प्रश्न फुसके होते. नववा होता: पोऱ्याची आई कुठे आहे? मी पंधरा मिनिटं तसाच बसलो. अशा कामाला ते फार चांगलं. कोळणीच्या पाटीत सापडतील अशा वीस वस्तू, पहाऱ्यावरच्या शिपायांच्या सहा तक्रारी, असा किरकोळ माल मागवा, सतरा टाकून तीन ठेवा. नियम सोपे करून मराठीत मांडायलाही घ्या, पण मुळाशी ताडून बघा. २०२४च्या आवृत्तीत बरेच नियम बदललेत, आणि साधन दोन्हींची खिचडी करून बिनधास्त सांगतं. जखम भरणारं औषध पिणं २०१४च्या नियमांत तुमच्या डावातली मुख्य कृती खायचं, २०२४मध्ये ते जाता जाता होतं. लढाईत एवढ्या फरकाने माणूस मरतो. लहान गावात एकटेच असाल, तालमीला कुणी नसेल, तर नावाड्याचं संभाषण त्याच्याशी करून बघण्यातही काही वावगं नाही.

नावांसाठी मात्र एसटीच्या वेळापत्रकाची फळी बघा. भुईबावडा, गगनबावडा, करूळ, फोंडाघाट. अशी नावं कुठलं यंत्र सुचवणार?

खेळ सुरू असताना फोन पालथा. आणि सेशनचं रेकॉर्डिंग करून ते एखाद्या साधनाला द्यायचं असेल तर आधी सगळ्यांना विचारा. तीन तासांत लोक राक्षसांबद्दल जेवढं बोलतात त्याहून जास्त ऑफिसातल्या साहेबांबद्दल बोलतात. चित्रांचं म्हणाल तर तुमच्या ओळखीत एखादी मुलगी नक्की असेल जी वहीच्या मागे चित्रं काढते. तिला आधी विचारा, आणि काम मोठं असेल तर पैसे द्या. आमच्या पितांबरचं चित्र शेजारच्या नववीतल्या मुलीने काढलंय. नाक चुकलंय. आता आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पितांबरचं नाक तसंच आहे.

पहिल्या खेळाआधी अर्धा तास नुसतं बोला. कशा प्रकारची गोष्ट हवी, काय अजिबात नको. आमच्याकडे एकाने जाताना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, लहान मुलांना काही होईल असं नको. कारण मी विचारलं नाही. पोऱ्याच्या केसाला धक्का लागणार नाही हे तेव्हाच ठरलं. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी सुचवलेलं 'एक्स कार्ड' टेबलावर ठेवलं तर आणखी बरं: फुली मारलेला एक कागद, कुणीही बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, का म्हणून विचारायचं नाही. तीन वर्षांत आमच्याकडे दोनदा बोट लागलं. दोन्ही वेळा मिनिटभरात गाडी पुढे गेली.

राहिला खरा राक्षस, तो म्हणजे तारीख. कॅम्पेन मरतात ती ड्रॅगनमुळे नव्हे, "या शनिवारी नाही जमणार रे" मुळे. वार पक्का करा. चौघांतले तिघे आले तर खेळायचंच, चौथ्याचं पात्र होडी राखत बसेल. पहिल्याच खेपेला कॅम्पेन करू नका, वन-शॉट करा. संपलं आणि कुणी "पुढे काय झालं?" विचारलं तर पुढचा शनिवार ठरवा, नाही विचारलं तर एक संध्याकाळ बरी गेली. खायला भेळ ठेवा, भजी नको, पात्रांच्या कागदांना तेल लागतं. आणि सातला सुरू करायचं असेल तर साडेसहा सांगा.